कारण आणि अटळ नियम



“त्याच विहिरीचे पाणी आम्हीही प्यालो, आम्हांला काही झाले नाही, मग पाण्याला दोष का देता?” असे बोलणे आपण अनेकदा ऐकतो. यामागे एक समजूत आहे. जे न चुकता, प्रत्येक वेळी तेच फळ देते, तेच कारण. ही समजूत कितपत खरी आहे?

सन १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीने सहाशेंहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरे शोधून तेथील सार्वजनिक पंपाच्या पाण्याकडे बोट दाखविले. पुढे पाद्री हेन्री व्हाइटहेड यांनी घरोघर चौकशी केली. ते पाणी प्यालेल्या १३७ जणांपैकी ८० जणांना पटकी झाली, ५७ जणांना झाली नाही. न प्यालेल्या २९७ जणांपैकी मात्र २० जणांनाच झाली. पाणी प्याले म्हणजे पटकी होणारच, असे येथे नाही. तरी पाणी कारण नव्हते, असे कोण म्हणेल?

सारख्या घटनेमागून नेहमी सारखी घटना येणे म्हणजे कारण, असे ह्यूम यांनी अठराव्या शतकात मांडले. केंब्रिज येथे १९७१ मध्ये एलिझाबेथ अॅन्स्कम यांनी या विचाराला आव्हान दिले. कार्य कारणातून निपजते, हे खरे मर्म. ते निपजणे अटळ होते काय, हा प्रश्न निराळा.

कोणी म्हणेल, जंतूंचे प्रमाण आणि शरीराची शक्ती पुरती कळली तर अटळ नियम सापडेल. सापडेलही! परंतु तोवर थांबावयाचे काय? पंपाचा दांडा ८ सप्टेंबर १८५४ रोजी काढण्यात आला. पटकीच्या जंतूविषयी कॉख यांचे संशोधन त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी झाले.

भगवान बुद्धांनी सीवक परिव्राजकास पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी वेदनांची अनेक कारणे सांगितली आणि सारे पूर्वकर्मानेच घडते हे मत नाकारले. कारण आहे, म्हणून भवितव्य ठरलेले आहे, असे नव्हे. कारण ओळखले तर ते दूर करता येते.

तेव्हा वस्तीत आजार आला तर ‘नशीब’ म्हणून बसू नका. पाणी किती जण प्याले, त्यांतील किती आजारी पडले, न प्यालेल्यांत किती, हे मोजा. आणि उत्तर मिळेपर्यंत पाणी उकळून प्या.