तू कुठली?

(धायरी येथे वस्त्यांमधल्या बायकांच्या बैठकीत केलेले भाषण)

मघाशी हजेरीच्या वहीत सही केली. नावापुढे ‘गाव’ असा रकाना होता. मी ‘धायरी’ लिहिलं. माझ्यामागच्या बाईनं ‘आळंद, कर्नाटक’ लिहायला सांगितलं. ती बारा वर्षं इथं बांधकामावर राबते आहे. मी 1991 साली लग्न होऊन उमरग्याहून इथं आले. दोघीही बाहेरच्याच. पण मला कुणी ‘परप्रांतीय’ म्हणत नाही.

उमरगा आणि आळंद शेजारचे तालुके. दोन्ही हैदराबाद संस्थानात होते; 1948 साली ते संस्थान भारतात आलं. 1 नोव्हेंबर 1956ला राज्यांची पुनर्रचना झाली. आमचा उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आजचा धाराशिव, मुंबई राज्यात गेला आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात. माझी आजी आळंदकडचीच. ती सून म्हणून उमरग्याला आली तेव्हा तिनं कुठलीच सीमा ओलांडली नव्हती. सीमा नंतर आखली गेली, आणि तिचं माहेर परप्रांत झालं. आपल्या धायरीचंही पाहा. उरलेला भाग 2017 साली महापालिकेत गेला आणि घर न हलवता आपण पुणेकर झालो.

2011च्या जनगणनेत देशातले सुमारे 45 कोटी लोक स्थलांतरित म्हणून नोंदले गेले. त्यांत दोन तृतीयांशांहून जास्त बायका आहेत आणि त्यांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण आहे लग्न. म्हणजे हा देश घर सोडून आलेल्या बायकांनी उभा केला आहे. तरी एकीला ‘सून’ म्हणतात आणि दुसरीला ‘बाहेरची’.

आता आमच्या चुकीबद्दल बोलते. मार्च 2020मध्ये टाळेबंदी लागली. आमच्या गटानं धान्यवाटपाची यादी केली. मी दारोदार एकच प्रश्न विचारत होते, “रेशनकार्ड इथलं आहे का?” हीच बाई म्हणाली, “ताई, कार्ड गावाला, सासूच्या नावावर.” मी पुढच्या दाराला गेले. तिचं नाव यादीत आलं चौथ्या दिवशी.

पुढे कळलं ते असं. 2013च्या अन्न सुरक्षा कायद्यात शिधापत्रिकेवर घरातली सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख असते. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत कार्ड कुठलंही असो, कुटुंबाला आपल्या वाट्याचं काही धान्य इथं आणि उरलेलं गावी घेता येतं. महाराष्ट्र आणि कर्नाटक या योजनेत 1 जानेवारी 2020लाच आले होते. म्हणजे मी तिचं दार सोडून पुढे गेले, तेव्हा कागदावर तिचा हक्क होता. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही माहीत नव्हतं, आणि मी तर कार्यकर्ती!

अडचणी अजून आहेत. सिमेंटनं तिच्या बोटांचे ठसे झिजलेत, मशीन अंगठा घेत नाही. बांधकाम कामगार म्हणून नोंदणीसाठी वर्षातल्या 90 दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. तिची हजेरी मात्र मुकादम नवऱ्याच्या नावावर मांडतो. कुठंही जाण्याचा, राहण्याचा हक्क घटनेच्या 19व्या कलमानं दिला आहे. पण दुकानाच्या खिडकीशी तिला आधी विचारतात, “तू कुठली?” मैत्रिणींनो, राष्ट्र म्हणजे काय याचं उत्तर तिला त्या खिडकीवर मिळतं, झेंडावंदनाला नाही.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. वहीतला ‘गाव’ रकाना काढून ‘राहण्याची जागा’ लिहू या. बैठकीत हिंदी आणि कानडीतही बोललं जावं. कानडी येणाऱ्या बायका आपल्यातच आहेत. आणि दर महिन्याला धान्य आलं की दोघी-दोघींनी अशा बायकांबरोबर दुकानात जाऊ या. अंगठा उमटला नाही तर तिला रिकाम्या पिशवीनं परतू द्यायचं नाही.

पहिल्या खेपेला मी जाते. चार वर्षांपूर्वी नव्हे, त्याही आधी जायला हवं होतं.