मत फुटलं की पडलंच नाही?

निवडणुकीचा निकाल लागला की हरलेल्या बाजूकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं : "अपक्षानं आमची मतं खाल्ली." पुण्यातल्या कसबा पेठ मतदारसंघाचे आकडे समोर ठेवून हे वाक्य आज तपासून पाहू.

कसब्याच्या आमदार मुक्ता टिळक यांचं डिसेंबर २०२२ मध्ये निधन झालं आणि २६ फेब्रुवारी २०२३ ला, रविवारी, पोटनिवडणूक झाली. १९९५ पासून ही जागा भाजपकडे होती. गिरीश बापट इथून सलग पाच वेळा निवडून आले होते. आता भाजपचे हेमंत रासने आणि महाविकास आघाडीकडून काँग्रेसचे रवींद्र धंगेकर असा सामना होता. काँग्रेसचे बाळासाहेब दाभेकर यांनी बंडखोरी करून अपक्ष अर्ज भरला होता. मनधरणी झाली आणि त्यांनी तो मागे घेतला. तरीही रिंगणात १६ उमेदवार राहिले.

मतदान यंत्राच्या एका युनिटवर 'नोटा' धरून १६ नावं बसतात. म्हणजे १६ उमेदवार आणि नोटा, अशी सतरा बटणं झाली की शेजारी दुसरं युनिट जोडावं लागतं. नावांचा क्रमही ठरलेला असतो. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नुसत्या नोंदणीकृत पक्षांचे आणि शेवटी अपक्ष. अपक्षाला अर्जावर मतदारसंघातले दहा सूचक लागतात, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक पुरतो. पक्षाचं चिन्ह घराघरांत पोचलेलं असतं. अपक्षाला मात्र निवडणुकीच्या दोन-तीन आठवडे आधी चिन्ह मिळतं आणि तेवढ्यात ते लोकांच्या डोळ्यांत भरवावं लागतं.

२ मार्चला निकाल लागला. धंगेकरांना ७३ हजारांवर मतं, रासनेंना ६२ हजारांवर. धंगेकर जवळपास ११ हजारांनी जिंकले. दोघांची मिळून १ लाख ३५ हजारांहून जास्त मतं झाली. उरलेले चौदा उमेदवार आणि नोटा यांच्या वाट्याला सगळी मिळून जेमतेम दोन-अडीच हजार आली. अनामत वाचवायला वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो, तो त्या चौदांपैकी कुणालाच मिळाला नाही. मग इथे कुणी कुणाची मतं खाल्ली?

कसब्याबरोबरच, २६ फेब्रुवारीला, शेजारच्या चिंचवडमध्येही पोटनिवडणूक झाली. तिथलं चित्र वेगळं होतं. भाजपच्या अश्विनी जगताप १ लाख ३५ हजारांवर मतं घेऊन विजयी झाल्या. राष्ट्रवादीच्या नाना काटे यांना ९९ हजारांवर मतं पडली आणि अपक्ष राहुल कलाटे यांना ४४ हजारांवर. काटे आणि कलाटे यांची बेरीज जगतापांच्या मतांपेक्षा जास्त भरते. विरोधातली मतं फुटली, हे तिथे आकड्यांत दिसतं. पण कलाटेंना मत देणारा प्रत्येक जण ते नसते तर काटेंनाच मत देता, हे कशावरून? त्या ४४ हजारांनी आपल्या मनानं निवड केली. ती मतं कुणा पक्षाच्या मालकीची नव्हती.

मतं फुटण्याचा हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. आपल्याकडे राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. अमेरिकेत राज्याचा गव्हर्नर लोक थेट मतदानानं निवडतात. तिथल्या मेन राज्यात १९९४ आणि १९९८ साली अँगस किंग अपक्ष म्हणून गव्हर्नर झाले. त्याच राज्यात २०१० मध्ये तिरंगी लढत झाली. अपक्ष उमेदवार थोडक्यात मागे राहिला आणि विजयी उमेदवाराला चाळीस टक्केही मतं नव्हती. मतफुटीची चर्चा तिथेही होते. आपल्या महाराष्ट्रानंही अपक्षांचं बळ पाहिलं आहे. १९९५ च्या विधानसभेत ४५ अपक्ष होते आणि युतीचं सरकार त्यांच्यातल्या अनेकांच्या पाठिंब्यावर उभं राहिलं. २०२४ मध्ये अवघे दोन अपक्ष निवडून आले. त्यातले एक आपल्याच जिल्ह्यातल्या जुन्नरचे, शरद सोनवणे.

तेव्हा अपक्षाला दोष देण्याआधी कसब्यातला सगळ्यात मोठा आकडा पाहा. या मतदारसंघात सुमारे पावणेतीन लाख मतदार होते. मतदान झालं पन्नास टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सव्वा लाखाहून अधिक लोक मतदान केंद्रावर आलेच नाहीत. विजयी उमेदवाराच्या मतांपेक्षाही न पडलेली मतं कितीतरी जास्त.

ती मतं काय करू शकतात, हे पुढच्याच विधानसभा निवडणुकीत दिसलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा हेच दोघे समोरासमोर आले. मतदान वाढलं. धंगेकरांची मतं फार घटली नाहीत, सत्तर हजारांवर राहिली. रासनेंची मात्र नव्वद हजारांच्या घरात गेली आणि ते १९ हजारांहून अधिक मतांनी जिंकले. याही वेळी माजी महापौर कमल व्यवहारे काँग्रेसमधून बंडखोरी करून अपक्ष उभ्या होत्या. त्यांना फारशी मतं मिळाली नाहीत. निकाल फिरवण्यात मोठा वाटा केंद्रापर्यंत चालत आलेल्या जादा मतदारांचा होता.

मग पेठेतला माणूस मतदानाला का येत नाही? आळस हे एकच कारण नाही. तांबट आळीतून शनिवारवाड्याकडे चालत जा. एखादा वाडा टेकू लावून उभा दिसतो, एखाद्याच्या जागी इमारत आलेली असते. संरक्षित वास्तूभोवतीच्या बांधकाम-निर्बंधांमुळे कित्येक वाड्यांचा पुनर्विकास रखडला आहे. वाडा मोकळा झाला की कुटुंबं कोथरूडला, सिंहगड रस्त्याला राहायला जातात. माणसं गेली तरी नावं पेठेच्याच यादीत राहतात. मागे उरतात ती वयस्कर मंडळी. त्यांना जिना उतरून केंद्रापर्यंत जाणं अवघड होतं. ज्यांच्या घराचा प्रश्न सगळ्यात बिकट, त्यांचंच मत कमी पडतं. याची मला मनापासून खंत वाटते.

यावर उपाय आहेत आणि ते आपल्या हातातले आहेत. घर बदललं असेल तर आठ क्रमांकाचा अर्ज भरून नाव नव्या पत्त्यावर न्या. घरातलं कुणी निवर्तलं असेल तर सात क्रमांकाच्या अर्जानं नाव कमी करा. मुलामुलींना अठरा वर्षं पूर्ण झाली की सहा क्रमांकाचा अर्ज भरून घ्या. काही अडलं तर १९५० वर फोन करा. पंच्याऐंशी वर्षांपुढच्या मतदारांना आधी अर्ज दिला तर घरून मतदान करता येतं, हे आपल्या आळीतल्या आजी-आजोबांना सांगा.

मत पक्षाला द्या, अपक्षाला द्या, कुणीच पटलं नाही तर नोटाला द्या. पण अपक्ष दारात आला तर त्याला एक प्रश्न जरूर विचारा : "निवडून आल्यावर कुणाला पाठिंबा देणार?" निवडून आल्यावर तो एखाद्या पक्षात गेला तर पक्षांतरबंदी कायद्यानं त्याची आमदारकी जाते, पण बाहेरून पाठिंबा द्यायला तो मोकळा असतो. तो कुणाला देणार, हे मत टाकण्याआधी कळून घेणं हा आपला हक्क आहे. आणि पक्षाचा माणूस आला तर त्यालाही विचारा, वाड्यांच्या प्रश्नाचं काय करणार? हे प्रश्न दारात विचारायचे आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन आपलं मत द्यायचं. एवढं आपण केलं, तर कुणी कुणाची मतं खाल्ली हा वाद घालायची वेळच फारशी येणार नाही.