वाचनाची उशिरा लागलेली गोडी

(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात, सभागृहातील ग्रंथांचे कपाट खुले करण्याच्या प्रसंगी केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांचे पत्र आले, की सभागृहात ग्रंथांचे कपाट ठेवावयाचे आहे, ते आपल्या हस्ते खुले व्हावे व वाचनासंबंधी चार शब्द आपण बोलावेत. आम्ही प्रथम नकारच कळविला होता. आम्ही विद्वान नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक, त्यापुढे शिक्षकाची पदविका आणि प्राथमिक शाळेत अडतीस वर्षे झिजविलेला खडू, एवढीच आमची पुंजी. परंतु नकाराचे खरे कारण निराळे होते. ज्या हातांनी हे कपाट उघडावयाचे, त्या हातांनी आयुष्यभर पुस्तके कपाटात बंदच केली. चिटणीसांना ते ठाऊक नव्हते. आज ते कबूल करावे, या हेतूनेच आम्ही येथे उभे आहोत.

पुस्तके दोन प्रकारची, अशी आमची पक्की समजूत होती. एक पाठ्यपुस्तक आणि दुसरे अवांतर. पाठ्यपुस्तकाने विद्यार्थी वर चढतो, अवांतराने तो बिघडतो. १९८४ सालच्या सुमाराची गोष्ट. सातवीच्या वर्गात भूगोलाचा तास चालू होता. फळ्यावर जगाचा नकाशा टांगलेला होता आणि मागल्या बाकावरील एक मुलगा भूगोलाच्या पुस्तकात दुसरे पुस्तक धरून वाचीत होता. आम्ही ते काढून घेतले. 'फुरसुंगीचा फास्टर फेणे' असे त्याचे नाव होते. "हे वाचून पोट भरणार आहे काय?" असे आम्ही साऱ्या वर्गादेखत विचारले. मुलगा खाली मान घालून उभा राहिला. परीक्षेनंतर पुस्तक परत देऊ असे म्हणालो आणि विसरलो. पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही.

निवृत्तीच्या वेळी शाळेतील आमचे सामान गोणपाटात बांधून घरी आले व माळ्यावर पडले. काही वर्षांमागे दिवाळीच्या साफसफाईत ते गाठोडे आम्ही सोडले आणि जुन्या हजेरीपत्रकांखालून ते पुस्तक निघाले. फेकण्यापूर्वी दोन पाने पाहावीत म्हणून शिडीच्या पायरीवरच बसलो. सौभाग्यवतींनी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा त्या स्वतः पाहावयास आल्या. पुस्तक संपवूनच आम्ही उठलो.

भास्कर रामचंद्र भागवतांचा हा बनेश फेणे कोण? फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकावयास आलेला एक किडकिडीत मुलगा. अंगात बळ म्हणावे तर नाही. आहे ती एक सायकल, सदा उघडे असलेले डोळे आणि काही विपरीत दिसताच तोंडातून निघणारे 'ट्टॉक्'. दुसऱ्यावर संकट आले असता तेथून निघून जाणे त्याला जमत नाही, एवढाच त्याचा पराक्रम. 'चौकस' या शब्दाचा अर्थ आम्ही अडतीस वर्षे मुलांकडून पाठ करून घेतला, आणि प्रत्यक्ष चौकसपणा एका मुलाच्या हातात होता तो हिसकावून कुलपात ठेवला!

त्या दिवसापासून आम्हास वाचनाचा नाद लागला. वय साठीच्या पुढे, डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात, आणि रात्री अकरापर्यंत दिवा. गावच्या वाचनालयातून नाथमाधवांची 'वीरधवल' आणली. १९१३ साली निघालेली ही कादंबरी आमच्या आजोबांच्या पिढीने कंदिलाच्या उजेडात वाचली होती. तिची भाषा आज जुनी वाटते, योगायोग जरा अधिकच वाटतात. तरीही प्रकरण संपताच पुढील प्रकरण उघडल्यावाचून राहवत नाही. नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, यांचे चरित्र वाचले तेव्हा तर आम्ही थक्क झालो. हा गृहस्थ तरुणपणी शिकारीला गेला असता कड्यावरून कोसळला आणि त्याचे पाय कायमचे अधू झाले. ज्याला स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडता येईना, त्याने साऱ्या महाराष्ट्राला साहसाच्या वाटेने हिंडविले. साहसकथा ही रिकामटेकड्यांची करमणूक होय, हे आमचे मत तेथेच गळून पडले.

यानंतर वाचनालयाच्या ग्रंथपालांनी आमच्या हाती विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' दिला. आम्हास वाटले, तीर्थयात्रेचे वर्णन असेल. प्रत्यक्षात निघाले ते भलतेच. पेणजवळील वरसई गावचा हा भिक्षुक. घरावर कर्ज झालेले. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून तेथे दक्षिणा भरपूर मिळेल, असे कानी आले, म्हणून चुलत्यांच्या सोबतीने तो घराबाहेर पडला. वर्ष होते १८५७! महूच्या छावणीजवळ वाटेत भेटलेल्या शिपायांकडूनच त्यांना कळले, की आता थोड्याच दिवसांत आग पेटणार आहे. मागे फिरावे तर कर्ज तसेच, पुढे जावे तर प्राणाशी गाठ. ते पुढे गेले.

पुढे मार्च-एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोज याने झाशीस वेढा घातला, तेव्हा हा गरीब भिक्षुक तटाच्या आतच होता. तोफांचे गोळे, शहर पडल्यावर झालेली कत्तल, लपून काढलेले तहानेचे दिवस आणि महालातील ग्रंथसंग्रहाची झालेली धूळधाण, हे सर्व त्याने पाहिले आणि पाहिले तसे सांगितले. आपण कोठे शूर होतो असा आव त्याने कोठेही आणलेला नाही. भीती वाटली तेथे भीती वाटली असे तो लिहितो, आणि म्हणूनच त्याचा शब्द न् शब्द खरा वाटतो. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्याला पुन्हा राणी लक्ष्मीबाई भेटतात. झाशी गेलेली, अंगावर पठाणी पोशाख, धुळीने माखलेल्या आणि तहानलेल्या. इतिहासाच्या पाठात आम्ही झाशीची राणी कितीदा शिकविली! घोडा, तलवार आणि पाठीशी बांधलेले मूल, एवढेच चित्र आम्ही मुलांपुढे ठेवले. तिला तहानही लागली होती, हे आम्हास या पुस्तकाने सांगितले.

दक्षिणेसाठी निघालेल्या या माणसाचे मिळविलेले द्रव्य लुटले गेले. आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड मात्र त्याने वरसईपर्यंत आणली. पुढे सुमारे पाव शतक लोटल्यावर, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्याने हे सारे लिहून काढले. इंग्रजांच्या धास्तीने ते तसेच ठेवले गेले आणि त्याच्या मरणानंतर, १९०७ साली, वैद्यांनी फेरफार करून छापले. त्याच्या मूळ शब्दांतला पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. बंधुभगिनींनो, एका माणसाने "भटजी, हे लिहा" असा आग्रह धरला नसता, तर झाशीच्या वेढ्याची ही मराठी साक्ष विष्णुभटांच्या चितेबरोबर जळून गेली असती.

दुसरे पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. हे १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघाले. लक्ष्मीबाईंना शाळा ठाऊक नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीकडून. पती म्हणजे कवी नारायण वामन टिळक. त्यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि बाईंच्या संसाराचे दोन तुकडे झाले. काही वर्षे माहेरच्या माणसांत, लोकांचे बोल ऐकत, मुलाला सांभाळीत त्यांनी काढली. पुढे त्या पतीकडे गेल्या, आणि आपल्या विचाराने, आपल्या वेळेला, १९०० साली त्यांनीही तो धर्म घेतला.

हे सर्व रडत सांगावयास मुभा होती. बाई हसत सांगतात. पतीच्या तऱ्हेवाईकपणावर हसतात, सोवळ्याने पछाडलेल्या आपल्या वडिलांवर हसतात, आणि सर्वांत अधिक स्वतःवर हसतात. परंतु एक जागा अशी आहे, की तेथे आमचे हसू थांबले. माणसामाणसांतील शिवाशीव ही माणसानेच निर्माण केली, देवाने नव्हे, असे त्यांच्या मनाने घेतले आणि कोणाच्याही हातचे अन्न खाण्यास त्या तयार झाल्या. तो निश्चय त्यांना किती जड गेला हे त्या लपवीत नाहीत. ज्ञातीच्या व्यासपीठावरून ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. आपण येथे जमतो ते एकमेकांस हात देण्यासाठी. दुसऱ्याचा हात झिडकारण्यासाठी जमत असू, तर स्वयंपाकघरापुरते जग पाहिलेल्या त्या बाईपेक्षा आपण मागे आहोत.

आपण विचाराल, की गुरुजी, साहसकथा कोठे आणि आठवणी कोठे? आम्हासही आरंभी तसेच वाटले होते. आता वाटते, की दोहोंचे मूळ एकच. उद्या काय होणार हे ठाऊक नसता पाऊल पुढे टाकणे, हे साहस. फास्टर फेणे ते कल्पनेत टाकतो, विष्णुभट कर्जापायी टाकतात, लक्ष्मीबाई घराच्या उंबऱ्यावर टाकतात. कथा वाचून मुलाच्या मनात हौस उत्पन्न होते. आठवणी वाचून त्याला कळते, की आपल्यासारख्याच साध्या माणसांनी हे खरोखर केले आहे. म्हणून मुलांना दोन्ही द्यावीत, आणि आधी कथा द्यावी.

आता आमच्या घरची एक गोष्ट सांगतो. आमचे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणत असू, आपल्या वडिलोपार्जित धंद्याप्रमाणे बांगड्यांचा मलार खांद्यावर टाकून गावोगाव हिंडत. भोरहून वरंध घाट उतरून महाडकडच्या वाड्यांतून बांगड्या भरीत ते जात. काच घेऊन घाट उतरावयाचा म्हणजे काय, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. एके संध्याकाळी, म्हातारपणी, ते आपणहून बोलू लागले. "एकदा आषाढात ओढ्याला पाणी आलं. मलार डोक्यावर धरला न् आत शिरलो. मध्यावर गेलो तर पलीकडून कोणी हाक मारली..." आमच्यापुढे सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. आम्ही म्हणालो, "अप्पा, उद्या सांगा." त्यांनी बरे म्हटले. तो उद्या आला नाही. त्याच महिन्यात ते गेले.

पलीकडून हाक कोणी मारली, हे आम्हास आजतागायत ठाऊक नाही. वीरधवलाचे पुढील प्रकरण वाचनालयात मिळाले, अप्पांचे पुढील प्रकरण कोणत्याही वाचनालयात मिळणार नाही. आणि हे एकट्या आमच्या घरचे झाले काय? आपल्या ज्ञातीतील किती पायांनी किती घाट तुडविले, किती मायबहिणींनी पतीमागे दुकान सांभाळून मुले शिकविली! आपल्या स्मरणिकेत देणगीदारांची यादी असते, गुणवंतांची छायाचित्रे असतात, ती असावीतच. परंतु त्या ओढ्याच्या पाण्याबद्दल एक ओळही नसते.

तो मागल्या बाकावरील मुलगा आम्हास गेल्या वैशाखात एका लग्नात भेटला. केस पांढरे झालेले. पाया पडला. आम्ही दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याने ते उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाला, "गुरुजी, हे माझं नव्हतंच. वर्गातल्या एकाचं मागून आणलं होतं. सुट्टीत करवंदं विकून त्याचे पैसे फेडले." आम्ही विचारले, "आणि मग?" तो म्हणाला, "मग कोणाचं पुस्तक मागितलं नाही."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आम्हास बरे वाटले असते. निघताना त्याने पुस्तक आमच्या हातात परत दिले. नातू अजून लहान आहे, वाचू लागला की घेऊन जाईन, तोवर चार मुलांना वाचू द्या, असे म्हणाला. तेच पुस्तक आज या कपाटात पहिले म्हणून आम्ही ठेवीत आहोत.

मंडळास आमच्या दोन विनंत्या आहेत. पहिली, या कपाटास कुलूप लावू नये. एखादे पुस्तक परत आले नाही, तर ते कोणीतरी वाचीत आहे असे समजावे. दुसरी विनंती अशी, की आम्ही येथे एक दोनशे पानी कोरी वही ठेवीत आहोत. प्रत्येक घरातील तरुणाने आपल्या आजीआजोबांजवळ बसावे, त्यांची एक आठवण त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावी आणि या वहीत लिहावी. शुद्धलेखनाची चिंता करू नये, ते तपासण्यास आम्ही आहोत. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्यातील निवडक आठवणी छापाव्यात. आणि घरातील म्हातारे माणूस आपणहून बोलू लागले, तर हातातील काम बाजूस ठेवावे. उत्तरपत्रिका दुसऱ्या दिवशीही तपासता येतात.

वहीचे पहिले पान आम्ही लिहून आणले आहे. त्यावर अप्पांची ती अडीच वाक्ये आहेत. पुढील जागा कोरी सोडली आहे. आमच्या अप्पांबरोबर घाट उतरलेल्या एखाद्या घरी त्या हाकेची हकीकत कोणास ठाऊक असेल, तर कृपा करून त्याखाली लिहावी.

 हे कपाट खुले झाले असे जाहीर करून आपली रजा घेतो.