टेंगूळ केवढं, हा प्रश्न नाही

घरातलं वडीलधारं माणूस पडलं, की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'काही नाही रे, जरा पाय घसरला.' मुलांना त्रास नको, दवाखान्याचा खर्च नको, म्हणून कित्येकजण पडल्याचं लपवतात. उलट, कपाळावर टेंगूळ दिसताच 'डॉक्टर, आधी सीटी स्कॅन करा' म्हणणारी मुलंही मला भेटतात. पण स्कॅनची गरज टेंगळाच्या आकारावरून ठरत नाही.

वयानुसार मेंदू थोडा आकसतो. मेंदूपासून वरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणलेल्या राहतात आणि हलक्या धक्क्यानंही फाटू शकतात. म्हणून धोका तरुणांपेक्षा जास्त.

मग पडलेल्या प्रत्येक ज्येष्ठाचा स्कॅन करायचा का? पडून इस्पितळात आलेल्या, पासष्टी गाठलेल्या सुमारे ४,३०० जणांचा अभ्यास कॅनडातील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केला. डोक्यात रक्तस्राव आढळला तो शंभरात साधारण तिघांना. त्यावरून त्यांनी चार प्रश्न निवडले. डोकं आपटलं का? पडल्याचं आठवतं का? तपासणीत हातापायांत किंवा बोलण्यात नवा दोष दिसतो का? आणि बाजारहाट, स्वयंपाक अशा कामांना आधीपासूनच दुसऱ्याची मदत लागते का? चारही बाबतींत काळजीचं काही नसेल, तर स्कॅनवाचून चालू शकतं. अर्थात निर्णय डॉक्टरांनी तपासूनच घ्यायचा.

यातली बरीचशी उत्तरं मशीनजवळ नसतात, घरच्यांजवळ असतात. म्हणून पडताना ज्यानं पाहिलं, त्यानं दवाखान्यात सोबत यावं. गोळ्यांची पाकिटं आणावीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते न विचारता सांगावं. डोक्याला मार लागलेल्या अशा रुग्णाला दुसरं लक्षण नसलं, तरी आम्ही स्कॅनचा विचार करतो. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, फीट किंवा एका बाजूचा अशक्तपणा दिसला, तर मात्र वाट पाहू नये.

आणखी एक. स्कॅन स्वच्छ आला म्हणजे सगळं संपलं असं नाही. कधी कधी रक्त हळूहळू साठतं. दोन-तीन आठवड्यांनी चाल डळमळू लागली, बोलणं असंबद्ध झालं, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका, पुन्हा दाखवा.

आणि पडलेल्या माणसावर रागावू नका. रागावलात, तर पुढच्या वेळी ते पडल्याचं सांगणार नाहीत.