दाबाखालचा प्राणवायु

राहात्याच्या पेरूच्या बागांवरून पौषाचा गार वारा वाहूं लागला म्हणजे घरांचीं दारें-खिडक्या घट्ट लागतात, आणि एखाद्या खोलींत रात्रीं उशाशीं कोळशाची शेगडी ठेवली जाते. धूर दिसत नाहीं म्हणून मंडळी निर्धास्त झोंपतात. परंतु कोंडलेल्या हवेंत धुमसणाऱ्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वासहि नाहीं.

रक्ताच्या तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन प्राणवायु वाहून नेतें. या विषारी वायूशीं त्याचें सख्य प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक असतें. वाहकच असा अडकून पडला, कीं मेंदू व हृदय उपाशी राहतात. साध्या हवेंत हें विष रक्तांतून निम्मे होण्यास चार-पांच तास लागतात. शुद्ध प्राणवायु दिल्यास सुमारें दीड तास. आणि तोच बंद कोठींत वातावरणाच्या तिप्पट दाबाखालीं दिल्यास केवळ २३ मिनिटांच्या आसपास.

हें कसें घडतें? द्रवावर वायूचा दाब जितका अधिक, तितका तो त्यांत अधिक विरघळतो, असा नियम हेन्री यानें १८०३ सालीं मांडला. सोडावॉटरच्या बाटलींत हेंच घडतें. साध्या हवेंत १०० मिलिलिटर रक्तांत जेमतेम ०.३ मिलिलिटर प्राणवायु विरघळलेला असतो. तिप्पट दाबाच्या शुद्ध प्राणवायूंत तो सुमारें ६ मिलिलिटर होतो. विसांवलेल्या शरीरास तेवढा जवळजवळ पुरतो. आम्स्टरडॅमचे शल्यवैद्य बुरेमा यांनीं १९६० मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, तांबड्या पेशी बहुतेक काढून घेतलेलीं डुकरें अशा कोठींत जिवंत राहिलीं.

दाब-कोठीची ही विद्या पाणबुड्यांच्या उपचारांतून वाढली. मुंबईस कुलाब्याच्या ‘अश्विनी’ रुग्णालयाच्या आवारांतील नौदल वैद्यकीय संस्था याच शास्त्राशीं निगडित आहे. तथापि ही कोठी निर्धोक नव्हे. दाबानें कानास इजा होते, अति प्राणवायूनें क्वचित् झटके येतात, आणि ठिणगीचें भय तर सदैव असतें. विषबाधेच्या कोणत्या रुग्णास ती अवश्य द्यावी, याविषयीं तज्ज्ञांचें एकमत नाहीं.

म्हणून राहात्याच्या घरांत असा प्रसंग आल्यास दूरच्या कोठीची चिंता करीत वेळ दवडूं नये. प्रथम दारें उघडावीं, रुग्णास मोकळ्या हवेंत आणावें आणि जवळच्या रुग्णालयांत नेऊन तत्काळ शुद्ध प्राणवायु सुरूं करवावा. पुढील निर्णय वैद्यांनीं करावा. आणि शेगडी मात्र झोंपण्यापूर्वीं खोलीबाहेर न्यावी.