राडारोडा कोणाचा, धूळ कोणाच्या वाट्याला?

(बांधकाम कामगारांमध्ये काम करणाऱ्या पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

कॉम्रेड्स,

आजचा विषय राडारोड्याचा आहे. दिल्लीत त्याला मलबा म्हणतात, मुंबईत डेब्रिज. हा महापालिकेच्या सफाई खात्याचा प्रश्न, त्याच्याशी कामगार चळवळीचा काय संबंध, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. संबंध आहे, आणि तो वर्गीय आहे.

जुनी इमारत कशी पाडली जाते हे आपण सर्व जाणतो. आधी सागवानी चौकटी व दारे-खिडक्या निघतात, मग नळ आणि तारांतील तांबे. शाबूत विटांचा चुना खरवडून त्या रचून ठेवतात. घणाने काँक्रीट फोडून सळई ओढून काढतात. हे सारे वर्गीकरण कोणत्याही कायद्याच्या धाकाशिवाय बिनचूक होते आणि ते करणारे हात नाक्यावरच्या स्त्री-पुरुष मजुरांचे असतात. तेव्हा आपल्या देशात राडारोडा वेगळा करणे जमत नाही, हे म्हणणे खोटे आहे. ज्याला बाजारात भाव आहे ते वेगळे होते. ज्याला भाव नाही ते, म्हणजे फुटके काँक्रीट, गिलावा, माती, पत्र्यांचे तुकडे, एकत्र कालवून रात्रीच्या ट्रकने खाडीत, नदीपात्रात किंवा गरिबांच्या वस्तीलगत ओतले जाते. विक्रीचा पैसा कंत्राटदाराच्या खिशात आणि ओझे जनतेच्या माथी, असा हा व्यवहार आहे.

‘भांडवल’च्या तिसऱ्या खंडात मार्क्सने उत्पादनातून बाहेर पडणाऱ्या टाकाऊ पदार्थांच्या वापरावर स्वतंत्र विवेचन केले आहे. टाकाऊ वस्तूचा पुनर्वापर भांडवलदार करतो तो काटकसर करून नफा वाढवण्यासाठी. जेथे नफा नाही तेथे उपयुक्त द्रव्यही नदी नासवण्यासाठी सोडले जाते, हे त्याने लंडन व थेम्सच्या उदाहरणाने दाखवले. आपल्या शहरांत तेच घडत आहे.

२८ ऑगस्ट २०२२ रोजी नोएडातील जुळे मनोरे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशान्वये स्फोटकांनी पाडण्यात आले. सुमारे ऐंशी हजार टन राडारोडा निघाला. त्या वेळच्या वृत्तांनुसार पाडकामाच्या खर्चाचा मोठा भाग सळई व भंगार विकून भागवला जाणार होता. लोखंडाला वाली ताबडतोब मिळतो. उरलेल्या ढिगाचे काय, हा प्रश्न मात्र शहरापुढे राहतो.

या ढिगाचा उपयोग होऊ शकतो. दिल्लीत बुराडी येथे २००९ पासून राडारोड्यावर प्रक्रिया करणारा कारखाना आहे. तेथे राडारोडा दळून, चाळून व धुऊन खडी आणि वाळू काढतात, पदपथाच्या फरश्या व कडेचे दगड तयार करतात. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ सालच्या सुधारित आवृत्तीने काँक्रीटपासून पुन्हा मिळवलेली खडी प्रबलित काँक्रीटमध्येही एम-२५ प्रतीपर्यंत २० टक्के वापरण्यास मान्यता दिली. अट एकच, माल स्वच्छ हवा. काँक्रीटमध्ये माती, लाकूड, प्लॅस्टिक, जिप्समचा गिलावा मिसळला की तो खड्डा भरण्यापलीकडे फारसा कामाचा उरत नाही. म्हणून वर्गीकरण पाडकामाच्या जागीच झाले पाहिजे.

कायदा काय करतो? २०१६ च्या नियमांनी दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टन राडारोडा निर्माण करणाऱ्यावर तो वेगवेगळा करण्याची सक्ती केली. त्यांची जागा घेणारे नवे नियम २०२५ साली अधिसूचित झाले व अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. त्यांनी २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या प्रकल्पांवर पुनर्वापराची जबाबदारी टाकली. पण ती प्रमाणपत्रे विकत घेऊन पार पाडता येते. ज्याच्याकडे पैसा आहे तो कागद विकत घेईल आणि ढीग खाडीतच जाईल, हा धोका आपण ओळखला पाहिजे.

मुंबईचा अनुभव बोलका आहे. कचरा टाकण्याची धड व्यवस्था नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली शहरातील नव्या बांधकामांना मनाई केली. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राडारोडा सुरक्षितपणे टाकण्याच्या अटीवर ती सैल केली. बिल्डरांना वाट मोकळी झाली. खाडीकाठची कांदळवने बुजली की पुराचे पाणी शिरते ते झोपडपट्टीत, टॉवरच्या विसाव्या मजल्यावर नव्हे.

आता मजुराकडे या. काँक्रीट व दगड फोडताना उडणाऱ्या सूक्ष्म धुळीत सिलिका असते. तिने होणाऱ्या सिलिकोसिसमधून फुप्फुस पूर्ववत करणारे औषध नाही. जुन्या सिमेंट पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. पत्रा फोडला की त्याचे तंतू श्वासात जातात व त्यातून पुढे कर्करोगही होऊ शकतो. तोंडाला पदर बांधून घमेले उचलणाऱ्या बाईला हे कोणी सांगितलेले नसते.

आणि दिल्लीत हिवाळ्यात हवा बिघडली की बांधकाम बंद होते, मजुरीही बंद होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम उपकराच्या निधीतून कामगारांना निर्वाहभत्ता देण्याचा आदेश दिला. परंतु ज्याची नोंदणीच नाही त्याच्या हाती काय पडणार? धूळही त्याच्याच छातीत आणि धुळीबद्दलची शिक्षाही त्यालाच!

म्हणून आपल्या कामगार संघटनांनी पुढील मागण्या हाती घ्याव्यात:

१. वर्गीकरणाचे काम कंत्राटात स्वतंत्र बाब म्हणून लिहिले जावे व त्याची मजुरी वेगळी मिळावी.

२. पाडकाम पाणी मारूनच व्हावे. योग्य मुखपट्टी मालकाने द्यावी. सिमेंट पत्रे न फोडता अखंड उतरवावेत व वेगळे ठेवावेत.

३. घरदुरुस्ती करणाऱ्या सामान्य कुटुंबाचा थोडा राडारोडा महापालिकेने वॉर्डातच स्वीकारावा. दंडाचा बडगा त्याच्यावर आणि सूट बिल्डरला, हे चालणार नाही.

४. सरकारी कामांत पुनर्वापराच्या मालाची खरेदी सक्तीची असावी. प्रक्रिया केंद्रे सार्वजनिक मालकीची असावीत.

५. प्रत्येक पाडकाम मजुराची नोंदणी व छातीची नियमित तपासणी व्हावी. कामबंदीच्या काळात निर्वाहभत्ता मिळावा.

कॉम्रेड्स, नाक्यावरच्या सभेत या मागण्या मांडून पाहा. आपण रोज काय वेगळे करतो आणि त्याचे पैसे कोण नेतो, हे तेथील मजुराला शिकवावे लागत नाही. ते ज्ञान संघटित करणे हे आपले काम आहे.