क्रूस आणि तलवार

(ज्युबिली महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवसांत आपण पूर्वजांची आठवण करितों व परमेश्वराचे आभार मानितों. तें योग्यच आहे. परंतु आज मला थोडी कठीण गोष्ट सांगावयाची आहे. गेल्या पावसाळ्यांत आपल्या पॅरिशमधील कॉलेजांत शिकणाऱ्या एका तरुणानें मला विचारलें, "फादर, आपला धर्म युरोपांत तलवारीनें पसरला ना?" मीं घाईनें उत्तर दिलें, "छे, मुळींच नाहीं." तो गप्प बसला, पण माझ्या मनाला चैन पडेना. सेमिनरींत मी ख्रिस्तसभेचा इतिहास शिकलों होतों, आणि माझें उत्तर अर्धेंच खरें आहे हें मला ठाऊक होतें. उरलेलें उत्तर आज सर्वांदेखत देतों.

बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर लिथुआनिया नांवाचा देश आहे. इ. स. १३०० च्या सुमारास जवळजवळ सर्व युरोप ख्रिस्ती झाला असतां तेथील लोक मात्र अग्नि, देवराया व आपले जुने देव यांना भजत होते. शेजारच्या प्रशियांत व्रतस्थ जर्मन योद्ध्यांचा ट्यूटॉनिक संघ राज्य करीत होता. ह्या संघाचा आरंभ किती चांगला! सन ११९० त पवित्र भूमींतील आक्रे नगराच्या वेढ्याच्या वेळीं आजारी व जखमी यात्रेकरूंच्या शुश्रूषेसाठीं तो निघाला. आठ वर्षांनीं त्या शुश्रूषकांच्या हातीं तलवार आली. पांढऱ्या झग्यावर काळा क्रूस धारण करून त्यांनीं प्रशिया जिंकला, आणि पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ लिथुआनियावर स्वाऱ्या केल्या. हिंवाळ्यांत दलदली गोठल्या म्हणजे घोडेस्वार आंत शिरत. गांवें जाळलीं जात, माणसें व गुरें पकडून नेलीं जात. हें पुण्यकर्म आहे असें समजून दूरदूरचे सरदारहि ह्या स्वाऱ्यांत सामील होत.

सन १३८४ त पोलंडच्या गादीवर यादविगा नांवाची सुमारें दहा वर्षांची राजकन्या बसली. लिथुआनियाचा अधिपति योगाइला ह्यानें तिच्याशीं विवाह करण्याचें व प्रजेसह स्नानसंस्कार घेण्याचें वचन दिलें. सन १३८६ त क्राकूव्ह येथें त्याचा स्नानसंस्कार व विवाह झाला, आणि पुढल्या वर्षीं त्याची प्रजा ख्रिस्ती होऊं लागली. यांत राजकारण नव्हतें असें नाहीं. तेथेंहि पवित्र अग्नि विझविला गेला, देवराया तोडल्या गेल्या. तरी परक्या फौजेनें हें घडविलें नाहीं.

आतां तरी युद्ध थांबावयास हवें होतें. परंतु ही दीक्षा खोटी आहे, असें संघ म्हणूं लागला. सन १३९० त, लिथुआनियाच्या राजघराण्यांतील भाऊबंदकीचा फायदा घेऊन, त्याच्या सैन्यानें विल्निअस ह्या राजधानीला वेढा घातला. पुढें इंग्लंडचा चौथा हेन्री म्हणून राजा झालेला सरदारहि त्या सैन्यांत होता. समोरचा माणूस ख्रिस्ती झाला तरी ज्याची तलवार म्यान होत नाहीं, त्यास आत्मे नको असतात. जमीन हवी असते.

१५ जुलै १४१० रोजीं ग्रुनवाल्ड येथें पोलंड व लिथुआनिया यांनीं संघाचा पराभव केला. परंतु त्या विजयापेक्षां मला कॉन्स्टन्स येथील धर्मपरिषद (१४१४–१४१८) अधिक महत्त्वाची वाटते. तेथें क्राकूव्ह विद्यापीठाचे प्रमुख, धर्मशास्त्रवेत्ते पावेल व्लोदकोवित्स, यांनीं प्रतिपादन केलें कीं, अख्रिस्ती माणसाचीहि जमीन व सत्ता त्याची स्वतःची आहे. केवळ त्याच्या अविश्वासामुळें ती हिरावून घेणें अन्याय आहे. आणि जुलमानें कोणी श्रद्धावंत होत नाहीं. लिथुआनियाच्या झेमैतिया प्रांतांतील लोकहि संघाविरुद्ध गाऱ्हाणें घेऊन परिषदेपुढें आले. परिषदेनें संघाला दोषी ठरविलें नाहीं. पण सन १४१७ त झेमैतियाला स्वतंत्र बिशप मिळाला. सन १५२५ त संघाच्या मुख्यानेंच ल्यूथरचा पंथ स्वीकारून प्रशिया आपल्या घराण्याची जहागीर केली. यादविगेला सन १९९७ त पोप दुसरे जॉन पॉल यांनीं संत म्हणून घोषित केलें. आणि सन २००० त त्यांनींच, धर्माच्या नांवानें ख्रिस्ती लोकांनीं केलेल्या बळजबरीबद्दल परमेश्वराची क्षमा मागितली.

तो तरुण आज येथें बसला आहे. बाळा, माझें उत्तर ऐक. होय, तलवार चालली, आणि ती आपल्याच लोकांनीं क्रूस अंगावर घालून चालविली. पण तिला आपल्याच एका शास्त्र्यानें, भर धर्मपरिषदेंत, अन्याय म्हटलें. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या दिवशीं मीं तुला दोन्ही सांगावयास हव्या होत्या.

बंधुभगिनींनो, तलवार आपल्या हातीं नाहीं. पण संख्या, पैसा व धारदार जीभ आहे. आपल्या अख्रिस्ती शेजाऱ्याच्या शेताचा बांध आपण कोरला काय? त्याच्या देवांची टवाळी केली काय? गेथशेमनी बागेंत प्रभूनें पेत्राची तलवार म्यान करविली. आपल्याही हातांतील जें कांहीं म्यान करणें आहे, तें ह्या महोत्सवांत म्यान करण्याची कृपा तो आपणांस देवो.

आमेन.